रुळाला तडा का जातो, हे शिकण्याची सोय ठाण्याजवळच

महोदय,

थंडीचा कडाका वाढला की उपनगरी मार्गावर कुठेतरी रुळाला तडा गेल्याची बातमी येते आणि गाड्या किती उशिरा धावल्या हे सांगून ती संपते. सलग जोडलेला रूळ गारठ्याने आकुंचन पावू पाहतो, परंतु स्लीपर आणि खडी त्याला जागचे हलू देत नसल्यामुळे त्यात ताण साठत जातो आणि जोडाजवळ आधीपासून एखादा बारीक दोष असेल, तर तडा तिथूनच पुढे सरकतो. पदार्थ कशामुळे, किती काळाने आणि नेमका कुठून तुटतो, याचा छडा लावणारी पदार्थांची यामिकी ही विद्याशाखा आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षातील ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’च्या पेपरापलीकडे क्वचितच भेटते. प्रयोगशाळेत नरम पोलादाची सळई ओढून तोडायची, आलेख जर्नलमध्ये उतरवायचा, की विषय संपला.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीत मी धातूंच्या चाचणीचे काम करते. आमच्याकडे पंपांचे मोडलेले शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, येतात. मोडलेला भाग उजेडात धरला, तर की-वेच्या (शाफ्टवर चावी बसवण्यासाठी कोरलेल्या खाचेच्या) कोपऱ्यापासून निघालेल्या, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वळणदार रेषा दिसतात आणि त्या जिथे थांबतात, तिथून पुढचा पृष्ठभाग खडबडीत असतो. याचा अर्थ, तडा पुष्कळ दिवस हळूहळू वाढत होता आणि उरलेल्या धातूला भार पेलवेनासा झाला तेव्हा शाफ्ट एका झटक्यात मोडला. हा खडबडीत भाग लहान असेल, तर भार बेताचाच होता, असेही सहसा म्हणता येते. अहवाल गेला की असे तुकडे बहुधा भंगारात जातात. त्याच वेळी जवळपासच्या महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्पासाठी विषय शोधत असतात, याचे मला फार वाईट वाटते.

पुढे संशोधन करायचे म्हटले, तर ठाणे-नवी मुंबईच्या मुलांइतकी सोय फार थोड्यांना आहे. पवईच्या आयआयटीत यंत्र, स्थापत्य, एरोस्पेस आणि धातुशास्त्र अशा चारही विभागांत या विषयावर पीएच.डी. करता येते. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे येथील) भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या धातूंवर काम चालते आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्थेमार्फत पदवीही मिळते. आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथला, डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे, ही गोष्ट तर मी भेटलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हती. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली असून घरभाडे भत्ता वेगळा मिळतो, त्यामुळे ‘संशोधनात पोट भरत नाही’ ही पालकांची धास्ती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. बहुतेक ठिकाणी ‘गेट’ या अभियांत्रिकी पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा गुणांक लागतो, म्हणून तयारी तिसऱ्या वर्षीच सुरू केलेली बरी.

विषयांचीही वाण नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूच्या काही गाळ्यांत ऑर्थोट्रॉपिक पद्धतीचे, म्हणजे खालून पट्ट्या जोडून ताठ केलेल्या पत्र्याचे, पोलादी डेक वापरले आहेत. वाहनांच्या अखंड वर्दळीने अशा डेकच्या वेल्डिंगमध्ये येणारा थकवा (पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हळूहळू तडा वाढणे) आणि त्यावर खाडीच्या खाऱ्या हवेचा परिणाम, हा एकच प्रश्न कित्येक प्रबंधांना पुरेल.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर नियमित मजकूर येतो, तो यावाच; परंतु या संस्थांच्या संशोधन छात्रवृत्त्यांच्या जाहिराती आणि अर्जाच्या मुदती मराठीतून वेळेवर छापल्या, तर आपल्या भागातील मुलांची संधी केवळ माहितीअभावी हुकणार नाही. वसाहतीतील कारखानदारांनाही माझी विनंती आहे की, मोडलेले सुटे भाग भंगारात देण्याआधी, ते किती तास चालले आणि त्यांच्यावर किती भार होता याच्या नोंदीसह, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे पाठवावेत.

आपली,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई