मालिश कशी झाली हे जोरावरून ठरवू नका

संपादक महोदय,

दिवाळी तोंडावर आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अभ्यंग पॅकेज’च्या जाहिराती फिरू लागतात. स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, पोटली, हॉट स्टोन अशी नावे, पुढे मिनिटे आणि रुपये, बस्स. कोणत्या प्रकारात नेमके काय करतात आणि ते कोणी टाळावे, याबद्दल एक अक्षर नसते. मग ग्राहक सगळ्यांना एकच माप लावतो: ‘जोर चांगला लावला का?’ हे माप चुकीचे आहे आणि काही वेळा धोक्याचेही, म्हणून हे पत्र.

चांगल्या ठिकाणी अंगाला हात लावण्याआधी पाच-दहा मिनिटे विचारपूस होते. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अलीकडचे ऑपरेशन, गरोदरपण, त्वचेचा विकार, हाडांचा ठिसूळपणा, तेलाची अ‍ॅलर्जी यांची चौकशी होते. कुठे दुखते आणि ते दुखणे हातापायात उतरते का, हेही विचारतात. यातले काहीच न विचारता थेट टेबलावर झोपायला सांगितले, तर तिथून उठून यावे. तीळ, शेंगदाणा किंवा बदाम यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तेल कशाचे आहे हे स्वतःहून विचारावे. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर तेल लावून पाहावे.

या विचारपुशीत सर्वांत महत्त्वाची जागा पोटरीची. लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर किंवा पाय बरेच दिवस प्लास्टरमध्ये राहिल्यानंतर एकच पोटरी सुजली, गरम आणि दुखरी झाली, तर घरोघरी ‘गोळा आलाय’ म्हणून ती चोळतात. तिथे खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेतते. अशा पायाला थेरपिस्टने हात लावू नये आणि घरच्यांनीही लावू नये. आधी डॉक्टर, मग बाकीचे. ताप, पसरणारा नायटा, ताजी जखम, नुकतेच मोडलेले हाड असताना मालिश करायचीच नाही. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदर स्त्रीला पालथे झोपवायचे नाही. कुशीवर झोपवून, पोटाला आणि गुडघ्यांमध्ये उशी देऊन, हलक्या हाताने मालिश करतात आणि तीही डॉक्टरांची परवानगी असेल तरच. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या पोटाला जखम पूर्ण भरेपर्यंत हात लावू नये, मालिशवाली बाई कितीही अनुभवी असली तरी.

आता प्रकार. आपल्याकडचा अभ्यंग हा मुख्यतः कोमट तेल अंगात मुरवण्याचा उपचार आहे. स्नायू दाबून मोकळे करणे हा त्याचा मूळ हेतू नाही. सर्वांगाला साधारण 75 ते 100 मिलिलिटर तेल लागते. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ते कोमट करतात, थेट गॅसवर नाही. हात केसांच्या दिशेने फिरतो: लांब हाडांवर सरळ, सांध्यांवर गोल. डोके, कान आणि तळपाय यांना जास्त वेळ द्यायचा असतो. घाईच्या पॅकेजमध्ये नेमके हेच तीन भाग उरकले जातात. सत्र पाऊण ते एक तासाचे, नंतर तेल पंधरा-वीस मिनिटे अंगावर ठेवून थोडी वाफ, मग गरम पाण्याने स्नान. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत. अजीर्ण झाले असेल, कफाचा त्रास वाढला असेल किंवा वमन-विरेचन (औषधाने उलटी-जुलाब करवणे) नुकतेच झाले असेल, तर अभ्यंग करू नये, असे आयुर्वेदानेच सांगितले आहे. तेव्हा ‘तेल कोणालाही चालते’ हे खरे नाही. उद्वर्तन याच्या उलट असते. कोरडे चूर्ण केसांच्या उलट दिशेने चोळतात. त्याने त्वचा छान लागते, पण चरबी वितळत नाही. वजन उतरवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

या उपचारांत सर्वांत जास्त दिसणारा अपघात साधा आहे: तेलकट पायाने फरशीवर घसरणे. उतरण्याआधी तळपाय टॉवेलने पुसले पाहिजेत, टेबलाशेजारी रबरी चटई हवी आणि ग्राहकाला मिनिटभर कडेला बसवून मग उभे केले पाहिजे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते.

स्वीडिश मसाजची आजची मांडणी एकोणिसाव्या शतकातले डच डॉक्टर योहान मेझगर यांची मानली जाते. त्यात पाच हालचाली आहेत: तळव्याने लांब फिरवणे, स्नायू कणकेसारखा मळणे, बोटांनी घासणे, थोपटणे आणि कंप देणे. पायावर हात घोट्याकडून वर, हृदयाच्या दिशेने जातो आणि गुडघ्यामागच्या खळगीवर हलका होतो, कारण तिथे नसा आणि रक्तवाहिन्या वरवर असतात. मानेची पुढची बाजू, काख, जांघ आणि कोपराची आतली बाजू इथेही दाबायचे नसते. पहिल्यांदाच मसाज घेणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

सर्वांत जास्त गैरसमज डीप टिश्यूबद्दल आहेत. नाव ‘खोल’ असले तरी खोलवर पोचायचे ते वेळ देऊन, ताकद लावून नाही. आधी दहा मिनिटे हलक्या हाताने स्नायू गरम करतात. मग मनगट ते कोपर हा हाताचा भाग किंवा कोपर एका जागी टेकवून, ग्राहकाने श्वास सोडला की सावकाश सरकवतात. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे ठरवले तर सहा-सातच्या पुढे जायचे नसते. ग्राहकाने श्वास रोखला, पायाची बोटे आवळली किंवा खांदे कानांकडे चढवले, की दाब जास्त झाला. त्या क्षणी स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी आक्रसतो आणि जितके दाबावे तितका घट्ट होतो. म्हणून ‘अजून जोरात’ म्हणणाऱ्याच्या पाठीत दुसऱ्या दिवशी आखडलेपण आधीपेक्षा जास्त असते. एक-दोन दिवस अंग ठणकणे ठीक आहे. काळे-निळे डाग मात्र चांगल्या मालिशचा पुरावा नाहीत, त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्याच्या त्या खुणा आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा प्रकार घेऊच नये.

थाई प्रकार जमिनीवरच्या गादीवर, सैल कपड्यांत आणि बिनतेलाचा असतो. त्यात ताण देणे आणि अंग वळवणे जास्त. ठिसूळ हाडे, बदललेला गुडघा किंवा खुबा असलेल्यांनी तो टाळावा. पोटलीत निर्गुंडीसारखी पाने किंवा औषधी चूर्ण कापडात बांधून गरम करतात. हॉट स्टोनमध्ये बसाल्टचे गुळगुळीत दगड गरम पाण्यात तापवतात. दोन्हींत थेरपिस्टने आधी स्वतःच्या मनगटावर चटका तपासलाच पाहिजे. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्याला भाजल्याचे कळत नाही, त्याच्या पायाला यातले काहीही नको.

जोराचा मुद्दा पटत नसेल त्यांनी लिम्फ ड्रेनेज पाहावे. डॅनिश दांपत्य एमिल आणि एस्ट्रिड व्होडर यांनी 1930च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवरच्या उपचारात वापरतात. दाब इतका कमी की फक्त कातडी सरकते, कारण लसिका (लिम्फ, म्हणजे शरीरातला पातळ द्रव) वाहून नेणाऱ्या वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात आणि जोराने दाबल्या तर मिटतात. सोबत घट्ट पट्टी बांधणे आणि व्यायामही असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की काहीच चाललेले नाही, पण हे काम रीतसर शिकलेल्यानेच करायचे असते.

डिसेंबरात पुणे मॅरेथॉनच्या आसपास धावपटूंची मोठी गर्दी होते. शर्यतीच्या आधीच्या दोन दिवसांत खोल मसाज घेऊ नये, पाय जड पडतात. शर्यतीआधी हवीच असेल तर दहा-पंधरा मिनिटांची हलकी, जलद मालिश पुरते, आणि नंतरची हलकी पण संथ. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर काढतो’ हा दावा चुकीचा आहे. ते शरीर स्वतःच तासाभराच्या आसपास निपटते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असते.

असाच एक दावा काशाच्या थाळीच्या यंत्राबद्दल चालतो. तूप किंवा तेल लावून तळपाय त्या फिरत्या थाळीवर ठेवले की काही मिनिटांत काळे होतात आणि ‘शरीरातली उष्णता, विषारी द्रव्ये बाहेर आली’ असे सांगितले जाते. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. घर्षणाने धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात, तूप, घाम आणि हवा यांच्याशी मिळून काळे पडतात. तूप लावलेले जाड कापड थाळीवर घासले तर तेही काळे होते. तळपायाला छान वाटते, झोप चांगली लागते, तेवढ्यासाठी जरूर घ्यावी. घरी आजी काशाच्या वाटीने पाय घासते तोही सुखाचाच उपचार आहे. पण काळेपणा दाखवून दहा-दहा सत्रांचे पैसे आगाऊ घेणे ही फसवणूक आहे.

केशकर्तनालयात दाढीनंतर झटका देऊन ‘मान मोडणे’ ही कसलीही थेरपी नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला थर त्या झटक्याने फाटू शकतो आणि पक्षाघात होऊ शकतो. डोक्याला तेल लावून घ्या, खांदे चोळून घ्या, पण मानेला झटका द्यायला स्पष्ट नाही म्हणा.

कोणाकडे जावे? महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी असते, पंचकर्म आयुर्वेदाच्या पदवीधर वैद्याच्या देखरेखीखाली व्हायला हवे. मसाज थेरपिस्टसाठी मात्र अशी स्वतंत्र नोंदणी परिषद नाही. म्हणून प्रशिक्षण कुठे आणि किती महिने घेतले हे विचारणे ग्राहकाचा हक्क आहे, आणि प्रामाणिक माणूस त्याचा राग मानत नाही. निसर्गोपचाराची परंपरा पुण्याला नवी नाही. ताडीवाला रस्त्यावर राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, आणि उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम गांधीजींनी 1946 साली सुरू केला. अशा शहरात ‘मसाज’ म्हटले की लोकांनी कुजबुजावे, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. मसाजच्या नावाखाली गैरधंदे चालवणाऱ्या केंद्रांवरच्या छाप्यांच्या बातम्यांमुळे प्रामाणिक थेरपिस्ट मुलींना भाड्याने घर मिळणेही अवघड होते. व्यावसायिक मसाजचा नियम साधा आहे: अंग चादरीने झाकलेले असते, ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, तो भाग झाला की पुन्हा झाकायचा. किती कपडे काढायचे हे ग्राहक ठरवतो. कोणत्याही क्षणी ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क दोघांनाही आहे, आणि ग्राहकाने वावगे काही सुचवले तर थेरपिस्ट सत्र तिथेच बंद करू शकते. केंद्रांनी हे नियम, तेलाचे नाव आणि प्रत्यक्ष मालिशची मिनिटे दरपत्रकावर मराठीत छापावीत. ‘60 मिनिटे’ लिहून त्यात कपडे बदलणे आणि अंघोळ धरणे बरोबर नाही.

मालिशनंतर त्या दिवशी जड व्यायाम टाळावा, पाणी तहानेप्रमाणे प्यावे. दुखणे तीन दिवसांनंतरही वाढतच असेल, तर पुन्हा त्याच टेबलावर न जाता फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर गाठावा. ‘सरकलेली चकती बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको, मणक्यांमधली चकती बाहेरून दाबून जागेवर बसत नसते. कंबरदुखीसोबत मांडीच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पाऊल उचलता येईनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे.

– मसाज थेरपीच्या व्यवसायातील काही वाचक, पुणे