भाडेकरूचीही कैफियत ऐका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘कोर्टाची पायरी चढायला लावल्याशिवाय भाडेकरू वठणीवर येत नाहीत’ अशा आशयाचे एका घरमालकांचे पत्र आपल्या अंकात वाचले. ते गृहस्थ माझ्या ओळखीचे नाहीत. पण माझ्या जुन्या घरमालकांचे मतही अगदी हेच असावे, कारण मी सध्या ती पायरी चढते आहे, प्रतिवादी म्हणून. तेव्हा दुसरी बाजूही छापावी.

मी एसटीत वाहक आहे. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. भाडे 8,500, अनामत 30,000, अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार, दोन्ही नोंदवलेले. घर सोडताना करारात होते तसे महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर कळवले. ‘ठीक आहे ताई, किल्ली खालच्या दुकानात ठेवा’ असे उत्तर आले. ठेवली. अनामत मात्र आज देतो, उद्या देतो, रंगाऱ्याचा हिशेब होऊ द्या, यातच अडकली. मी जरा आवाज चढवून विचारले, तर नव्या पत्त्यावर समन्स घेऊन बेलिफच दारात!

दाव्यात रंगकामाचे 32,000, बाथरूमच्या दाराचे 12,000 आणि नोटीस न देता घर सोडल्याने ते दोन महिने रिकामे राहिले म्हणून 17,000 लावले आहेत. त्यातून अनामत वळती करून वर 31,000 माझ्याकडेच मागितले आहेत.

रंगकाम कुठले, तर बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीचे. गच्चीच्या कठड्याला चीर आहे आणि पावसाळा लागला की तिथून पाणी उतरते. पहिल्याच पावसात कपाटामागचा रंग फुगला, पापुद्रे सुटले, बोट लावले तर ओला चुना हाताला यायचा. तेव्हाच फोटो पाठवले होते. ‘पाऊस उघडला की वॉटरप्रूफिंग करून घेऊ’ हे त्यांचे उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे. दार प्लायवूडचे. आम्ही राहायला गेलो तेव्हाच ते खालून फुगलेले होते, पायाने रेटल्याशिवाय कडी लागत नसे. आणि घर रिकामे राहिल्याचे म्हणाल, तर दाव्यासोबत त्यांनीच जोडलेला त्याच महिन्यातला फोटो पाहा. खिडकीला पडदे आहेत, ते आमचे नाहीत. गॅलरीच्या दोरीवर तान्ह्या बाळाची झबली वाळताहेत. माझा धाकटा मुलगा नववीत आहे.

खरे-खोटे न्यायालय ठरवेल. हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. समन्स आल्यावर नातेवाइकांपासून डेपोतल्या सहकाऱ्यांपर्यंत बहुतेकांनी एकच सल्ला दिला: घेऊच नकोस, चार तारखांना कंटाळून तोच सोडून देईल. असले ऐकून कितीजणांवर एकतर्फी हुकूमनामे होत असतील कोण जाणे. समन्स नाकारले तर ते दारावर चिकटवता येते आणि न्यायालय बजावणी झाली असे धरू शकते. तुम्ही गैरहजर राहिलात तर वादी सांगेल तेवढेच न्यायालयापुढे येते.

मुंबई-पुण्याला अशा भांडणांसाठी लघुवाद न्यायालये आहेत. माझा दावा सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्यापुढे आहे. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, सबळ कारण असेल तर न्यायालय ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवते. वकिलाचा खर्च कसा झेपणार ही धास्ती होती. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते. हे आपल्या बायकांपर्यंत का पोहोचत नाही, याचे मला नवल वाटते.

वकीलबाईंनी दाव्याच्या एकेका परिच्छेदाला उत्तर लिहायला बसवले. करार आणि भाडे खरे होते, ते कबूल केले. बाकी ठिकाणी ‘सदर मजकूर खरा नाही व तो प्रतिवादीस कबूल नाही’. ती भाषा ऐकून मला हसू आले. त्या म्हणाल्या, हसू नका, जे स्पष्ट नाकारले नाही ते कबूल धरले जाते. नुसते ‘नाही’ लिहूनही भागत नाही, का नाही तेही सांगावे लागते. व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडले. आणि माझे 30,000 परत मिळावेत म्हणून त्याच कैफियतीत प्रतिदावा केला.

पत्रलेखक घरमालकांना एवढेच सांगते, की लाइटबिल थकवून रातोरात सामान हलवणारे भाडेकरू मीही पाहिलेत, त्यांची बाजू घेत नाही. पण भिंतीचा रंग कुणी द्यायचा यावर केंद्राने 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात सरळ यादीच दिली आहे. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच हे भाडेकरूकडे. भिंतींची सफेदी आणि दारे-खिडक्यांचा रंग मालकाकडे. राहत्या घराची अनामतही दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा कायदा लागू होत नाही, म्हणून आमच्या करारात तसले काही नव्हते. पंखे किती, ट्यूबलाइट किती, गीझर कुठल्या कंपनीचा, सगळे होते. भिंतीच्या ओलीवर अवाक्षर नाही. एजंट दोन्हीकडून दलाली घेतो. किल्ली देताना आणि परत घेताना मालक-भाडेकरूंना खोल्यांतून एकत्र फिरवून, आहे ते लिहून खाली सह्या घेणे त्याला जड जाऊ नये. रोज तिकिटांचा आणि रोकडीचा मेळ लावल्याशिवाय मला ड्युटी संपवता येत नाही, एजंटांनीही तेवढे करावे.

प्रकरण लोकअदालतीत मिटवायची माझी तयारी आहे. तिथे मिटले तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पुढे अपील नसते आणि तारखेतारखेला टाकाव्या लागणाऱ्या माझ्या रजाही वाचतील. घरमालकांकडून अजून होकार आलेला नाही.

दावा न्यायप्रविष्ट असल्याने नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, नाशिक