पट्टा कुठल्या बाजूला

पुणे, रविवार

प्रिय नित्या,

माझ्या नव्या चित्राबद्दलचं तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. "हे असं उघडउघड रंगवायची काय गरज?" हे वाचून आधी राग आला, मग हसू. अरे, हा तर माझाच जुना प्रश्न.

कॉलेजात स्वतःचं चित्र काढायचं होतं तेव्हा सर म्हणाले होते, "कंबरेपर्यंतच घे, पायाचं ते लोखंड कशाला?" मी मुकाट्याने कंबरेपर्यंत घेतलं, आणि पुढची वीस वर्षं कंबरेखाली उतरलोच नाही.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. तुमच्या सगळ्यांच्या घरचे लग्नासाठी हात धुऊन मागे लागले, मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. पोलिओचा पाय, बिचाऱ्याला कोण मुलगी देणार! त्या पायाआड माझं पुरुषांवर जीव जडणं आयतंच झाकलं गेलं. लोकांची कीव पांघरून मी मजेत बसलो. सोयीचं होतं रे. फक्त ज्याला काही वाटतच नसणार असं सगळे धरून चालतात, त्याला हळूहळू स्वतःलाही तसंच वाटू लागतं.

मग चित्रकार भूपेन खख्खर नीट पाहिला. मुंबईत १९३४ साली जन्मलेला, शिकून चार्टर्ड अकाउंटंट झालेला, बडोद्याला जाऊन हिशेब आणि चित्रं दोन्ही करणारा माणूस. १९८१च्या 'यू कान्ट प्लीज ऑल'मध्ये सज्जात एक नागडा माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि खाली बापलेक नि गाढवाची ती आपल्या शाळेतली गोष्ट चालली आहे. कुणाकुणाला खूश करणार! पुढच्याच वर्षी 'टू मेन इन बनारस'. दोन नग्न पुरुष मिठीत, त्यातला एक पांढऱ्या केसांचा, आणि आजूबाजूला काशीचं रोजचं जगणं. आपल्यासारख्यांच्या प्रेमाला गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा पक्कं होतं; २००९ला दिल्ली हायकोर्टानं ते सैल केलं, २०१३ला पुन्हा आवळलं गेलं, सुटलं ते २०१८ला. खख्खरला मधे पद्मश्रीही मिळाली! मला भिडलं ते धाडस नव्हे. भिडली ती त्याची साधी, सुटलेल्या पोटाची माणसं. देखणं असल्याशिवाय प्रेम करू नये असा नियम तिथे नाहीच. शेवटी कॅन्सर झाला तर त्याने दुखणाऱ्या शरीराचीही चित्रं केली.

मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोनं १९४४च्या चित्रात स्वतःच्या अंगावर काढलेला, पाठीला आधार देणारा पट्ट्यांचा कमरबंद तुला माहीतच आहे. तुझ्याच पुस्तकात पाहिला होता. तेव्हा मी पान उलटलं होतं.

तर चित्र असं आहे: मी पलंगाच्या कडेला, कॅलिपर, म्हणजे पायाचं ते लोखंड, घातलेला, आणि गुडघ्याच्या पट्ट्यावर त्याचा हात. तू अजून ज्याला 'रूममेट' म्हणतोस त्याचा. चेहरे साधे, दोघांचे चष्मे टेबलावर. प्रदर्शनाला अजून जागा मिळालेली नाही. एकांनी पाय ठेवून हात खोडायला सांगितलं, दुसऱ्यांना पाय नको होता. जोडीनं कुणालाच नकोत.

गेल्या आठवड्यात आई आली. चित्र भिंतीशी टेकवून ठेवलं होतं, लपवायला वेळच मिळाला नाही. ती समोर बसली, बराच वेळ बघत राहिली. चहा निवला. मग म्हणाली, "बक्कल उलट्या बाजूला काढलंस तू. मी लावत होते ना इतकी वर्षं."

आरशात बघून काढलं होतं, नित्या. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बक्कल आता बदलतोय. रंग वाळला की फोटो पाठवतो.

तुझा,
अव्या