सौरवादळाची बातमी अर्धीच का?

महोदय,

मे २०२४च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेचे आकाश लालसर झाले. आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत मात्र पोहोचले ते 'मोबाइल बंद पडणार' एवढेच. त्यामागच्या प्लाझ्मातल्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतल्या, लाटांबद्दल कुणी सांगतच नाही, याचे फार वाईट वाटते.

रंकाळा तलावात खडा टाकला की तरंग पसरत विरतात. चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्मात लाट मोठी झाली, की तिचा माथा पुढे धावू लागतो आणि ती उभी चढते. त्याच वेळी तिच्यातले घटक वेगवेगळ्या गतीने पांगू पाहतात. ही ओढाताण तोलली गेली, तर एकच उंचवटा आकार न मोडता दूरवर जातो. तोच सॉलिटॉन! चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या लाटांचे भाकीत स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हान्स आल्फवेन यांनी १९४२ मध्ये केले. नोबेल मिळाले १९७० मध्ये. आज आपले 'आदित्य एल-१' हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सौरवारा, म्हणजे सूर्याकडून वाहणारा प्लाझ्मा, मोजते आहे.

शिवाजी विद्यापीठाने या विषयावर मराठीतून, सर्वांसाठी खुली व्याख्याने ठेवावीत आणि आपण त्यांचा वृत्तांत सविस्तर छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक भौतिकशास्त्र शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर