चांदीचा लेप आणि लघवीची नळी

महोदय,

जंतूंना रोखण्यासाठी चांदीचा लेप दिलेली लघवीची नळी महाग असते, म्हणून ती सुरक्षितच असणार, असे रुग्णाचे नातेवाईक धरून चालतात. ब्रिटनमध्ये थोड्या दिवसांसाठी नळी घातलेल्या सात हजारांवर रुग्णांची चाचणी २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. साध्या टेफ्लॉन लेपाच्या नळीने १२.६ टक्के रुग्णांना संसर्ग झाला, चांदीच्या नळीने १२.५ टक्के! नायट्रोफ्युराझोन या जंतुनाशक औषधाचा लेप असलेल्या नळीने १०.६ टक्के, पण ती रुग्णांना अधिक टोचली.

कारण उघड आहे. लघवीतील प्रथिनांचा थर लेपावर बसतो आणि जंतू त्या थरावर वस्ती करतात. नळी बरेच दिवस राहिली, तर प्रोटिअस जंतू युरियापासून अमोनिया बनवतात, लघवी अल्कधर्मी होते, क्षार साचून नळी तुंबते. लेप त्याखाली गाडला जातो.

त्यापेक्षा नळी आणि पिशवीचा जोड उघडू नये. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगावी. दोन तृतीयांश भरताच रिकामी करावी. स्ट्रेचरवर ती रुग्णाच्या पोटावर ठेवण्याची सवय तर घातकच, लघवी उलटी वाहते. आणि नळी आज काढता येईल का, हे डॉक्टरांना रोज विचारावे.

– एक परिचारिका, मिरज