टेम्पीहून पत्र: कागदावरचं पाणी, चारीतलं पाणी

टेम्पी, ॲरिझोना
२६ एप्रिल २०२५

चि. मंदारस अनेक आशीर्वाद.

पर्यावरण पत्रकारांचं वार्षिक अधिवेशन यंदा इथल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत झालं. सभागृहातल्या चर्चा होतातच; खरी शिदोरी मिळते ती गुरुवारच्या दिवसभराच्या फेऱ्यांत. तू सोलापुरात पाण्याच्या बातम्या करतोस, म्हणून पाण्याचंच लिहितो.

कोलोरॅडो नदीचं पाणी १९२२ च्या करारात वाटलं गेलं: वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट. १९४४ च्या तहात मेक्सिकोला आणखी १५ लाख मिळाले. एकरभर रानात फूटभर उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट, सुमारे १२.३३ लाख लिटर. आपला एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २२,९५७ एकर-फूट. या हिशेबाने वाटप झालं ७१९ टीएमसीचं, म्हणजे काठोकाठ भरलेल्या सहा उजनी धरणांचं. पण २००० नंतर नदीत सरासरी ५४० टीएमसीच्या आसपासच पाणी येतंय. इथले लोक याला 'कागदावरचं पाणी' आणि 'ओलं पाणी' म्हणतात. बातमीत कुठलं पाणी मोजतोयस, ते आधी ठरव.

ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. २०२२ साठी ॲरिझोनाचं ५ लाख १२ हजार एकर-फूट पाणी कापलं, म्हणजे २२ टीएमसी. बातम्यांत आलं 'राज्याला १८ टक्के कपात'. आकडा बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कपात सगळ्यांवर सारखी पडलीच नाही. १९६८ च्या कायद्याने इथल्या ५४० किलोमीटरच्या मोठ्या कालव्याचा हक्क शेवटचा ठरवला, त्यामुळे त्याचंच पाणी तुटलं, आणि त्या कालव्यावरही सगळ्यात मोठा फटका पिनल काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेतकऱ्यांना बसला. सरासरी लिहू नकोस. कुणाच्या चारीचं पाणी बंद झालं, ते लिही.

कालवा आटला की शेतकरी बोअरकडे वळतो. पिनलमध्ये उपशाने जमीन अनेक वर्षांपासून खचतेय आणि तिला भेगा पडतायत. भेग सुरुवातीला ओळखू येत नाही: केसाएवढी चीर, किंवा एका रेषेत बसलेले छोटे खड्डे. मोठा पाऊस झाला की पाणी आत घुसून कडा ढासळतात आणि तिथे एकदम घळ उघडते. फोटो पावसाआधी आणि नंतर, एकाच जागेवरून काढावा.

याच नदीवरच्या धरणाच्या मीड तलावाची पातळी फुटांत छापतात, तीही फसवी. तलाव खाली निमुळता आहे, म्हणून तळाकडच्या एका फुटात वरच्या फुटापेक्षा कमी पाणी असतं. आपल्याकडे 'उजनी वजा ३० टक्के' वाचून लोक गोंधळतात, तसंच हे. ती टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते; शून्य टक्क्यालाही खाली ६३ टीएमसी मृतसाठा असतो, आणि 'वजा' म्हणजे त्यातलं पाणी उचललं जातंय. टक्केवारी आणि एकूण साठा, दोन्ही आकडे एकाच वाक्यात दे.

उन्हाच्या बातमीत इन्फ्रारेड थर्मामीटरने डांबराचं तापमान घेऊन 'पारा ६५ वर' लिहिणं साफ चूक. ते यंत्र पृष्ठभाग मोजतं. हवेचं तापमान सावलीत, जमिनीपासून दीड-दोन मीटरवर घेतात.

फेरीला निघताना खिशात कंगवा असावा. चोया निवडुंगाचा तुकडा बुटाला किंवा पोटरीला चिकटला, तर हाताने ओढू नये, बोटांतही काटे रुततात. कंगवा तुकड्याखाली सरकवून झटका द्यायचा.

पाटबंधारे खात्याकडून उजनीचा पातळी आणि साठा असे दोन्ही रकाने असलेला तक्ता मिळव आणि मला पाठव. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका