मेगावॉट नको, युनिट सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सौर आणि औष्णिक विजेची तुलना सर्रास मेगावॉटमध्ये होते. ती फसवी आहे, कारण मेगावॉट ही नुसती क्षमता; प्रत्यक्ष मिळणारी वीज युनिटमध्ये मोजतात. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ ते १८ लाख युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचा औष्णिक संच सरासरी ७० टक्के भारावर चालला तर ६१ लाख. अर्थात त्यातली ६ ते ८ टक्के वीज कोळसा दळायला, पंख्यांना आणि पंपांना तिथल्या तिथेच लागते.

पॅनलवर छापलेले ५५० वॉटही जपूनच वाचावेत. तो आकडा सेलचे, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या एकेका चकतीचे, तापमान २५ अंश असतानाचा. भर दुपारी सेल ६० अंशांवर जातो. अंशामागे ०.३५ टक्के घट धरली तर ५५० चे ४८३ होतात, तेही काच स्वच्छ असेल तर. टाकीची सावली कोपऱ्यातल्या एखाद्या सेलवर पडली की बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या सेलना वळसा देऊन वीज पुढे नेणारा भाग, पॅनलचा तिसरा हिस्सा बाजूला काढतो. डायोड जळालेला असेल तर तोच सेल तापून काळा पडतो.

'पॅनलची कार्यक्षमता जेमतेम २२ टक्के, कोळशाची ३८', हा युक्तिवाद मात्र पटत नाही. वाया गेलेले ऊन कोणी खणून, वाहून आणलेले नसते. कोळशाचे उरलेले ६२ टक्के आणलेले असतात. शिवाय युनिटमागे सहा-सातशे ग्रॅम कोळसा जळून किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. वजन वाढते, कारण १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो.

खरी अडचण संध्याकाळची. ऊन उतरते तेव्हाच मागणी चढते. औष्णिक संच दुपारी बंद करून सातला चालू करू म्हटले तर जमत नाही. थंड बॉयलर घाईने तापवला तर जाड धातूला तडे जातात, म्हणून कित्येक तास द्यावे लागतात. नुसता भार फार उतरवला तरी भट्टीतली ज्योत डळमळते आणि ती टिकवायला तेल जाळावे लागते. बॅटरी हा उपाय आहे, पण १०० युनिट भरले तर ८५ ते ९० च परत मिळतात.

तेव्हा प्रकल्पाच्या बातमीत मेगावॉटशेजारी वर्षाचे अपेक्षित युनिट आणि साठवणूक किती तासांची, हे दोन आकडेही छापावेत, ही विनंती.

– एक वाचक